घरचे यंत्र : हँडलवरची डबी



या सदरात आजवर आपण पाण्याचा पंप पाहिला, फवारणीचा डबा पाहिला, घरातला मिक्सरही उघडून पाहिला. या वेळचे यंत्र चुन्याच्या डबीपेक्षा थोडेसेच मोठे आहे, आणि ते बसते सायकलच्या हँडलवर. शेतकऱ्याच्या घरात त्याचे काय काम, असे पुष्कळांना वाटेल. मलाही वाटले होते.

गेल्या दिवाळीनंतर साकोली तालुक्यात धाकट्या बहिणीच्या गावी गेलो होतो. धानाची कापणी आटोपली होती, अंगणात चुरण्याची घाई चालली होती. चहाचा कप हातात पडतो न पडतो तोच जावईबापूंनी तक्रार मांडली. "दादा, तुम्हीच समजावा हिले. तीस हजाराची डबी म्हणते पोरगी. सायकल चालवाले डबी काहून पाहिजे?" त्यांनी हिशेबही करून ठेवला होता. २०२५-२६ च्या हंगामाचा साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये. तीस हजार म्हणजे साडेबारा क्विंटलच्या वर धान. एवढे धान रोवायला किती बाया लागतात, हे त्यांना तोंडपाठ.

भाची कॉलेजात शिकते. आठवीत असताना सरकारी योजनेतून मिळालेल्या सायकलीवर ती शाळेत जाऊ लागली आणि तेव्हापासून सायकल तिच्या अंगवळणी पडली ती पडलीच. आता रोज चौदा किलोमीटर जाणे आणि चौदा किलोमीटर येणे. सायकल मात्र दुसरी, हलकी, गिअरची आहे. ती तिने शिष्यवृत्तीचे पैसे साठवून जुन्यात घेतली. तिला नागपूरच्या एका २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला जायचे होते.

ब्रेव्हे हा शब्द फ्रेंच आहे. ही शर्यत नव्हे, पहिला-दुसरा नंबर यात नसतो. ठरलेल्या रस्त्याने ठरलेल्या वेळात जाऊन यायचे, मध्ये ठरलेल्या ठिकाणी आपले कार्ड दाखवून नोंद करून घ्यायची. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला वीस तास, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. रस्ता आपला आपण शोधायचा, पंक्चरही आपणच काढायचे. आपल्या विदर्भात या वेडाला चांगला मान आहे, आणि त्याला कारणही आहे. २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत, सुमारे ४,८०० किलोमीटर, बारा दिवसांच्या मुदतीत एकट्याने सायकलवर पार केली. त्यापूर्वी २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. महाजन बंधूंनी तीच शर्यत जोडीने पुरी केली होती. अशा गोष्टी ऐकून पोरे-पोरी सायकली काढतात, ते वाईट नाही.

"मामाजी, मी तीस हजाराची मागतच नाही," भाची म्हणाली. "बाबांनी मोबाईलवर पाहिली ती सगळ्यात महागडी होती." मग मी म्हटले, आधी हे यंत्र करते काय ते नीट समजून घेऊ, पैशाचे मागून पाहू.

ही डबी म्हणजे आभाळातले ऐकणारा कान. पावसाळ्यात वीज चमकली की आपण मनात एक, दोन, तीन मोजतो आणि गडगडाट किती वेळाने आला त्यावरून वीज किती लांब पडली ते सांगतो. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. डबी हेच करते. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर अमेरिकेचे जीपीएसचे उपग्रह फिरत असतात, आणि प्रत्येक जण सारखा सांगत असतो की मी अमुक जागी आहे आणि माझ्या घड्याळात अमुक वाजले. ती लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावते. म्हणजे घड्याळ एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले तर जागा ३०० मीटरने चुकली! तीन उपग्रहांवरून जागा कळते, पण डबीतले स्वस्त घड्याळ दुरुस्त करून घ्यायला चौथा लागतो. म्हणून किमान चार दिसले पाहिजेत. मे २००० पर्यंत अमेरिका सामान्य लोकांना मिळणाऱ्या लहरीत मुद्दाम चूक मिसळत असे, शंभर मीटरपर्यंत. ती थांबली आणि मगच ही यंत्रे साध्या माणसाच्या कामाची झाली. आता रशियाचे, युरोपचे, चीनचेही उपग्रह आहेत आणि बहुतेक नव्या डब्या त्या सगळ्यांचे ऐकतात. आपल्या देशाने २०१३ पासून स्वतःचे उपग्रह सोडले, त्या व्यवस्थेला २०१६ मध्ये 'नाविक' हे नाव मिळाले. पण ते प्रत्येक डबीत नसते.

यात ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की डबी फक्त ऐकते, बोलत नाही. तिला सिमकार्ड लागत नाही, टॉवर लागत नाही, महिन्याचा रिचार्ज लागत नाही. कोकाच्या जंगलात मोबाईलची रेंज जाते तिथेही तिला आपली जागा कळते. कुठून कुठे गेलो, किती किलोमीटर झाले, वेग किती, वेळ किती, हे ती दाखवते आणि साठवून ठेवते. आधी रस्ता भरून ठेवला असेल तर त्या रस्त्याची रेघ दाखवते आणि वळण आले की टिक् करून सांगते.

जावईबापूंनी लगेच विचारले, "हे तं मोबाईलही करते." खरे आहे, करतो. रोजच्या शाळा-कॉलेजच्या रस्त्याला या डबीची मुळीच गरज नाही. तो रस्ता पोरीला पाठ आहे आणि पोरगी त्या रस्त्याला. कधीमधी पन्नास किलोमीटर जायचे असेल तर मोबाईल खिशात ठेवून पडदा बंद करून नोंद चालू ठेवावी, झाले काम. मोबाईलची पंचाईत पुढे होते. पडदा सतत चालू ठेवला तर पाच-सहा तासांत बॅटरी बसते, आणि मग अडीअडचणीला घरी फोन करायलाही काही उरत नाही. उन्हात पडद्यावरचे दिसत नाही. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात हँडलवर बांधलेला मोबाईल तापून आपोआप बंद पडतो. पावसात ओल्या बोटाने पडदा ऐकत नाही. डबीचा पडदा मात्र ऊन जितके कडक तितका स्पष्ट दिसतो, आणि एकदा भरली की पंधरा-वीस तास, काही काही तर त्याहून जास्त चालतात.

आणखी एक जुना, स्वस्त मार्ग आहे तोही सांगतो, कारण पुष्कळ घरांना तोच पुरेल. चाकाच्या तारेला एक चुंबक, पुढच्या चिमट्याला एक छोटी गोळी, आणि हँडलवर घड्याळासारखा मीटर. चाक एक फेरा फिरले की गोळी एक मोजते. याला आभाळ लागत नाही. फक्त चाकाचा घेर बरोबर भरावा लागतो, आणि तिथेच लोक चुकतात. टायरला खाली चुन्याचा ठिपका लावा, नेहमीसारखे सायकलवर बसा, कोणालातरी धरायला सांगा, आणि सरळ पुढे जा. जमिनीवर चुन्याचे दोन ठिपके उमटतील, त्यांच्यातले अंतर टेपने मोजा. २८ इंची काळ्या सायकलीचे ते सव्वादोन मीटरच्या आसपास भरते. बसल्याशिवाय मोजू नका. वजनाने टायर दबतो. २.२३ मीटरच्या जागी २.१० भरले तर २०० किलोमीटर गेल्यावर मीटर १८८ च दाखवील.

तर भाचीने नागपूरच्या मैत्रिणीची डबी उसनी घेतली आणि डिसेंबरात ती ब्रेव्हेला गेली. पहाटे सहाला निघाली. अंगात थंडी, समोर धुके, पण पोरगी आनंदात. दुपारी जेवण झाले, एक पंक्चर झाले, दोन ठिकाणी कार्डावर नोंद झाली. १७० किलोमीटरवर ती चहाच्या टपरीशी थांबली तेव्हा डबी सांगत होती साडेनऊ तास. तिने हिशेब केला, साडेतेरातून साडेनऊ गेले, चार तास उरले, तीस किलोमीटर राहिले. मग काय, पोहे सांगितले, चहा दोनदा घेतला, पाय पसरून बसली. पस्तीस मिनिटे.

मनगटावर घड्याळ असते तर कळले असते की तेव्हा पाच वाजून पन्नास मिनिटे झाली होती! म्हणजे निघाल्यापासून पावणेबारा तासांहून जास्त. डबीचे साडेनऊ तास हे चाक फिरत असतानाचे होते. सायकल थांबली की डबीही मोजणे थांबवत होती, तसे तिला आधीच्या मालकिणीने सांगून ठेवले होते. ब्रेव्हेचे घड्याळ मात्र कोणाच्या पोह्यासाठी थांबत नाही. पोरगी आठ वाजून दहा मिनिटांनी पोचली. चाळीस मिनिटे उशीर. कार्ड बाद.

मी फोन केला तेव्हा ती रडत होती. डबी खोटी बोलली म्हणाली. मी म्हटले, खोटी नाही बोलली बेटा, तू विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही, एवढेच. आणि प्रश्न काय आहे ते ठरवण्याचे काम आपले असते. हे ऐकून तिला बरे वाटले असे काही मला वाटत नाही. त्या वेळी मास्तरकी करायला नको होती.

जानेवारीत धानाचे चुकारे जमा झाले आणि जावईबापूंनी आपण होऊन विषय काढला. पोरगी १७० किलोमीटर एकटी जाऊन आली हे त्यांनी गावात चार जणांना सांगितले होते. चाळीस मिनिटांचे सांगितले नव्हते. खरेदीला आम्ही तिघे बसलो. तेव्हा जे ठरले ते इथे लिहितो, कोणाला उपयोगी पडावे म्हणून.

नकाशा नसलेल्या, फक्त आकडे आणि रस्त्याची रेघ दाखवणाऱ्या डब्या पाच हजारांच्या आसपास सुरू होतात. रंगीत नकाशा, बोटाने चालणारा पडदा आणि स्वतः नवीन रस्ता काढून देण्याची अक्कल असलेल्या पंचवीस-तीस हजारांच्या पुढे कितीही जातात. महागड्या डब्यांत चढाची मोजदाद असते, पुढचा घाट किती उरला ते दाखवतात. आपला भंडारा जिल्हा म्हणजे धानाची बांधी, तळी आणि वैनगंगेचे खोरे. आंबागडाच्या टेकड्या सोडल्या तर चढ कुठला? सह्याद्रीतल्या पोरांना ते लागेल, आपण त्याचे पैसे का द्यावेत? तसेच छातीचे ठोके मोजणारा पट्टा, पायाचा जोर मोजणारे पॅडल, हे शर्यतीच्या लोकांचे. गार्मिन, वाहू, ब्राइटन, आयजीपीस्पोर्ट अशी नावे बाजारात आहेत. नावापेक्षा मी चार गोष्टी पाहायला सांगितल्या. आकडे मोठे हवेत, हातभर अंतरावरून हलत्या सायकलीवर वाचता येतील इतके. बॅटरी साडेतेरा तासांच्या वर, म्हणजे कागदावर वीस तरी हवी, कारण बॅटरी जुनी झाली की उतरते. बटणे खरी हवीत, हातमोजा घालून दाबता येणारी. आणि पाण्यासाठी 'आयपीएक्स ७' लिहिलेले हवे; याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास पडली तरी आत पाणी जाऊ नये. आपला श्रावण त्यात बसतो. मात्र खाली चार्जिंगच्या भोकावर रबराचे झाकण असेल तर ते घट्ट बसवलेले असले पाहिजे, आणि ओली डबी चार्जिंगला लावायची नाही.

सहा हजारांच्या आतली घेतली. अडीच क्विंटल धान. जावईबापू म्हणाले, "हे चालते."

जुनी डबी स्वस्तात मिळत असेल तर वाईट नाही, पण आधीच्या मालकाने ती आपल्या खात्यातून काढून कोरी करून दिली पाहिजे, आणि ती पूर्ण भरून दिवसभर चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बॅटरी बहुधा आतच बंदिस्त असते, टॉर्चसारखी बदलता येत नाही.

आता वापरायचे. पहिल्या पानावर आम्ही फक्त चार आकडे ठेवले: घड्याळातली वेळ, एकूण किलोमीटर, निघाल्यापासूनचा वेळ आणि वेग. पडद्यावरचे शब्द बहुधा इंग्रजीच असतात. 'राइड टाइम' किंवा 'मूव्हिंग टाइम' म्हणजे चाक फिरतानाचा वेळ, 'इलॅप्स्ड टाइम' म्हणजे निघाल्यापासूनचा. 'ऑटो पॉज' म्हणजे थांबले की मोजणे बंद. ते आम्ही सरळ बंद करून टाकले. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत म्हणजे जेवणखाण धरून तासाला पंधराला थोडे कमी. तासाला वीसने चालवले तर दहा तास सायकलीचे आणि साडेतीन तास पोटाचे, पंक्चरचे, गप्पांचे. हे गणित भाचीने कागदावर लिहून हँडलच्या दांड्याला चिकटवले आहे. यंत्र आहे म्हणून कागद फेकायचा नसतो.

निघताना अंगणात, आभाळाखाली, डबी चालू करून दोन मिनिटे उभे राहायचे. ओसरीत चालू करून लगेच निघाले तर तिला उपग्रह सापडलेले नसतात आणि पहिला किलोमीटर-दोन किलोमीटर नोंदीतून जातो. दाट झाडीखाली, बांबूच्या रानात लहरी अडतात, रेघ वाकडीतिकडी होते. घाबरू नये, मोकळ्यात आले की सुधारते. हँडलवर बसवताना खाली जुन्या ट्यूबची पट्टी घालावी, नाहीतर आपल्या रस्त्यांच्या खड्ड्यांनी चिमटा सैल होतो. डब्यासोबत एक दोरी येते, ती पुष्कळ लोक फेकून देतात. ती बांधा. चिमटा तुटला तरी डबी ट्रकखाली जात नाही. आणि सायकल उन्हात उभी करताना डबी काढून पिशवीत ठेवा, उन्हाने बॅटरीचे आयुष्य जाते आणि मोहाने डबी जाते.

एवढ्यावर लेख संपला असता, पण फेब्रुवारीत जावईबापूंचा फोन आला. आवाज तापलेला. शेजाऱ्याने धुरा कोरला म्हणून सांगत होते, दोन आर जमीन दाबली म्हणाले. कशावरून? तर पोरीची डबी हातात धरून ते एक एकराच्या बांधीभोवती फिरले, रेघेचे क्षेत्र काढले, आणि सातबाऱ्यापेक्षा दोन आर कमी भरले. शेजारी म्हणजे चुलत घरातलाच. रोवणीला दोन्ही घरे एकमेकांकडे जातात. त्या दिवशी सकाळी धुऱ्यावर दोघांची तोंडातोंडी झाली होती आणि प्रकरण हातघाईवर यायचे बाकी होते.

मी दुसऱ्याच दिवशी एसटीने गेलो. पाटी घेतली आणि हिशेब मांडला. तो तुम्हीही करून पाहा. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. बांधी चौकोनी धरली तर एक बाजू साधारण ६४ मीटर. या डबीची चूक मोकळ्या आभाळाखालीही तीन ते पाच मीटर असते. एका बाजूची रेघ तीनच मीटर आत सरकली, तर चौसष्ट गुणिले तीन, १९२ चौरस मीटर गेले. आर म्हणजे १०० चौरस मीटर. झाले की दोन आर! शेजाऱ्याने फावडे न लावता गेले. शिवाय डबी काही काही सेकंदांनी एक ठिपका टाकते. कोपऱ्यावर आपण वळलो तो क्षण दोन ठिपक्यांच्या मध्ये गेला की कोपरा कापला जातो. रस्त्यावर पाच मीटरने काय बिघडते? रस्त्याच्या या कडेला दाखवले काय न् त्या कडेला काय, पोरगी लाखनीलाच पोचणार. धुऱ्यावर पाच मीटर म्हणजे कोर्टाची पायरी.

पटले नाही त्यांना. मग मी म्हटले, पुन्हा फिरा. फिरले, तर या वेळी सातबाऱ्यापेक्षा एक आर जास्त भरले. "आता शेजाऱ्याची दाबली का तुम्ही?" असे बहिणीने चुलीजवळूनच विचारले आणि सगळे हसले, जावईबापूही, जरा उशिराने.

सरकारी मोजणीतही उपग्रहांचाच आधार घेतात, हे खरे. भूमी अभिलेखचे मोजणीदार हल्ली रोव्हर नावाचे यंत्र काठीवर लावून आणतात. पण त्याच्या मागे पक्क्या जागी बसवलेली ठाणी असतात, त्यांची जागा आधीच काटेकोर मोजलेली असते. उपग्रहाची लहर त्या घटकेला किती चुकते आहे ते ठाणे सांगते आणि रोव्हर तितकी दुरुस्ती करून घेतो, म्हणून त्याचे माप काही सेंटिमीटरवर येते. आपल्या डबीच्या मागे असे कोणी नाही. शंका असेल तर तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा, फी भरावी, शेजाऱ्याला नोटीस जाईल, त्याच्या समोर मोजणी होईल. डबीची रेघ घेऊन कोणी तिथे गेले तर तिला कोणी कागद मानणार नाही.

त्या दिवशी संध्याकाळी भाचीने मला दुसरी गंमत सांगितली. ती सरावाला पवनीकडे गेली होती. मोबाईलवर रस्ता काढून त्याची फाईल, तिला जीपीएक्स म्हणतात, डबीत भरली होती. डबीने तिला मुख्य रस्ता सोडून एका वाटेने नेले, आणि वाट चक्क पाण्यात उतरली. काठावर जाळे विणत बसलेले ढिवर बाबा म्हणाले, "पोरी, हा रस्ता कवाचाच बुडाला." गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली, पुढे पाणी अडले तशी गावे उठली, वाटा बुडाल्या, आणि नकाशात कुठे कुठे जुनी वाट राहून गेली. तसेच पुराचे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला तेव्हा पाणी भंडारा शहरात शिरले होते. तशा वेळी कोणता पूल पाण्याखाली आहे हे डबीला कोण सांगणार? आणि जवळचा रस्ता म्हणून ती कोका अभयारण्याच्या बाजूने नेऊ लागली तर दिवस किती उरला ते पाहून आपण ठरवायचे. ते रान नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तिन्हीसांजेनंतर तिथे सायकलीचे काम नाही, मग डबी काहीही सांगो.

पण हा नकाशा कोणी काढला, हे शोधताना भाचीला कळले की यातल्या पुष्कळ डब्या 'ओपनस्ट्रीटमॅप' नावाचा नकाशा वापरतात. तो २००४ साली सुरू झाला आणि जगभरची साधी माणसे तो फुकट काढतात, दुरुस्त करतात. तुम्ही-आम्हीही करू शकतो. मग तिने काय केले असेल? बुडालेल्या वाटेची दुरुस्ती केली. गावची पांदण काढली. गावचा मामा तलाव, ज्याचे नाव नकाशात नव्हते, ते लिहिले, मराठीत. आजोबांना विचारून आणखी दोन बोड्यांची नावे टाकली. सहा हजारांपैकी मला सगळ्यात जास्त आवडलेला खर्च हाच.

आता बहिणीची गोष्ट. पोरगी बाहेर असली की आईचा जीव थाऱ्यावर नसतो. डबी मोबाईलला जोडली तर घरच्यांना पोरीचा ठिपका नकाशावर हलताना दिसतो. पहिल्या दिवशी बहीण सगळी कामे टाकून तो ठिपका पाहत बसली. अकराच्या सुमाराला ठिपका थांबला. अर्धा तास हलेना. तिने मला फोन केला, भावकीला केला, जावईबापू मोटारसायकल काढून निघाले. झाले होते एवढेच की रेंज गेली होती. डबीला टॉवर लागत नाही, पण ठिपका घरी पाठवतो तो मोबाईल, आणि त्याला लागतो. तेव्हापासून घरात ठरले आहे की थांबलेला ठिपका म्हणजे अपघात नव्हे. ठरलेल्या गावी पोचल्यावर पोरगी स्वतः फोन करते आणि ठरलेल्या वेळेनंतर एक तास वाट पाहूनच कोणी निघायचे. एक सावधगिरी मात्र मुलींच्या आईबापांनी घ्यावीच. रोजच्या फेऱ्या इंटरनेटवर सगळ्यांना दिसतील अशा टाकू नयेत, त्यातून घर कुठे आणि पोरगी रोज किती वाजता कोणत्या रस्त्याने जाते हे परक्याला कळते. घराभोवतीचा भाग झाकण्याची सोय त्यात असते, ती आधी लावावी.

मार्चमध्ये ऊन वाढायच्या आत भाची पुन्हा नागपूरला गेली. या वेळी चहाच्या टपरीवर तिने आधी घड्याळ पाहिले, पोहे बांधून घेतले आणि उभ्यानेच चहा प्याली. बारा तास पन्नास मिनिटे. कार्डावर नोंद झाली. ते कार्ड जावईबापूंनी धान विकल्याच्या पावत्यांच्या पिशवीत ठेवले आहे. डबीला बहिणीने जुन्या लुगड्याची छोटी पिशवी शिवली आहे, बंद ओढला की तोंड मिटते.

तुमच्याकडे कोणी सायकलवर लांब जात असेल तर मला कळवा, विशेषतः काळ्या सायकलीवर जाणाऱ्यांनी. त्यांच्या हँडलवर चिमटा कसा बसवला ते मला पाहायचे आहे. पुढच्या वेळी धान भरडण्याच्या घरगुती गिरणीविषयी.